मैदानावरचे धर्मोपदेशक

इंग्लंडातील एव्हर्टनसारखे फुटबॉल संघ एकोणिसाव्या शतकात चर्चच्याच आश्रयाने जन्मास आले. परंतु मैदानावर पैशाचा अंमल बसल्यानंतर त्या आश्रयाचे विस्मरण इतके झाले, की १९७७ साली जॉन बॉयर्स हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक वॉटफर्ड संघाकडे जाऊ लागले, तेव्हा त्यांच्यापुढे गिरवण्याजोगा कित्ता फारसा नव्हता. गुडघा जायबंदी झालेल्या खेळाडूपाशी बसावे, करार न मिळालेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराचे ऐकून घ्यावे, कपडे धुणाऱ्या बाईच्या घरच्या आजारपणाची विचारपूस करावी, आणि धर्माचा विषय समोरच्याने काढल्याखेरीज आपण काढू नये, अशी या कामाची शिस्त अनुभवातूनच घडत गेली. १९९१ साली बॉयर्स यांनी ‘स्कोअर’ ही संस्था स्थापिली आणि नव्या उमेदवारांची निवड व शिक्षण यांस रीतसर स्वरूप येऊ लागले. या शिक्षणात, माझ्या मते, धर्मशास्त्राहून कठीण पाठ संयमाचा आहे: कानी आलेले गुपित व्यवस्थापकालाही सांगावयाचे नाही आणि खेळाडूकडे तिकिटे मागावयाची नाहीत, मुळात जो खेळाचा वेडा, त्याच्यासाठी हा हलवायाच्या दुकानातला उपवासच! पुढल्या वर्षी बॉयर्स मँचेस्टर युनायटेडकडे गेले. संस्था मात्र कालांतराने रग्बी, क्रिकेट आणि घोड्यांच्या शर्यतींपर्यंत पोहोचली.