मोफत ऑपरेशन झालं तरी दाद मागता येते

गटाच्या बैठकीत आजारपणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘सरकारी दवाखाना, फुकटचं ऑपरेशन, मग तक्रार कुणाकडे करायची?’ म्हणून या भागात हा हक्क कसा मिळत गेला, त्याचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. तो घडवला तो आपल्यासारख्याच बायकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी.

पहिली गोष्ट आपल्या मराठवाड्यातली. जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी, १३ तारखेला, तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ताप चढला, पोटात असह्य दुखू लागलं. १९ तारखेला पुन्हा पोट उघडलं, तेव्हा आत रक्त टिपायचा कपडा राहिलेला सापडला. पू झाला होता. २४ जुलैला ती गेली.

नवऱ्याने आणि लहान मुलांनी सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये मंजूर केले. सरकार अपिलात गेलं आणि हायकोर्टाने तो निकाल फिरवला. दवाखाना चालवणं हे राज्यकारभाराचं काम, त्यासाठी सरकारला जबाबदार धरता येत नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. शेवटी २० फेब्रुवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते ३६ हजार परत मंजूर केले. न्यायालय म्हणालं की दवाखाना चालवणं हे लोककल्याणाचं काम आहे, आणि नोकरांच्या हलगर्जीपणाची भरपाई सरकारने द्यायलाच हवी. पोटात कपडा राहतो, यातच हलगर्जीपणा दिसतो. पण हे ऐकायला साडेबत्तीस वर्षं लागली. आईवेगळी झालेली ती लेकरं तोवर मोठी होऊन गेली होती.

मधल्या काळात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. डॉक्टर म्हणाले, आमचा पेशंट म्हणजे ग्राहक नव्हे. १३ नोव्हेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पैसे घेऊन उपचार केले तर पेशंट ग्राहकच. काहींकडून पैसे घेणाऱ्या आणि काहींना मोफत तपासणाऱ्या दवाखान्यातल्या मोफत पेशंटलाही तो हक्क आहे. मात्र जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ते दवाखाने या कायद्याबाहेर राहिले. त्यांच्यासाठी दिवाणी कोर्टाची वाट उरली.

त्या वाटेने हरियाणातली एक मजूर बाई गेली. तिला सात मुलं होती. फेब्रुवारी १९८८ मध्ये गुडगावच्या सरकारी दवाखान्यात तिने नसबंदी करून घेतली. ‘ऑपरेशन झालं’ असं प्रमाणपत्रही मिळालं. पुढे पाळी चुकली. दवाखान्यात गेली, तर दिवस नाहीत म्हणून सांगितलं. दिवस असल्याचं कळलं तोवर गर्भपात करणं तिच्या जिवाला धोक्याचं झालं होतं. आठवं मूल, मुलगी, जन्माला आली. चौकशीत उघड झालं की फक्त उजवी गर्भनलिका बांधली होती, डावीला हातच लावला नव्हता.

सरकारने तिचा अंगठा असलेला कागद पुढे केला. ऑपरेशन अयशस्वी झालं तर भरपाई मागणार नाही, असं त्यावर होतं. कोर्टाने तो मानला नाही. ५४ हजार रुपये आणि वर्षाला १२ टक्के व्याज मंजूर झालं, आणि २४ एप्रिल २००० ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. मुलीला वाढवण्याचा खर्च म्हणून हे पैसे होते.

याचा अर्थ ऑपरेशन फसलं की पैसे मिळालेच, असा नाही. २००५ साली न्यायालयाने स्पष्ट केलं की नीट केलेली नसबंदीही क्वचित फसते. भरपाईसाठी डॉक्टरचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. त्याच वर्षी न्यायालयाच्या आदेशानंतर नसबंदीसाठी विमा योजना सुरू झाली. २०१३ पासून ती नव्या रूपात चालते. नसबंदी फसली, त्रास झाला किंवा बाई दगावली, तर तिच्यातून मदत मिळते. त्यासाठी हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही, पण मागणी ९० दिवसांच्या आत करावी लागते.

या साऱ्यात कामाला आले ते कागद. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, नसबंदीचं प्रमाणपत्र, औषधांच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. अंगठा किंवा सही करण्याआधी कागद कुणाकडून तरी वाचून घ्या. दवाखान्याकडे लेखी अर्ज केला, तर ७२ तासांत उपचाराचे कागद द्यावे लागतात. ग्राहक आयोगात दाद मागायला दोन वर्षांची मुदत आहे. वकिलाच्या फीची काळजी नको. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

पुढच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना प्रमाणपत्र कुठे आहे ते विचारा. नसेल, तर आशाताईंना सोबत घेऊन मागायला जा. एकटीला पाठवू नका.