लॉर्ड होण्याआधीचा शार्दुल

शार्दुल ठाकूरला 'लॉर्ड' म्हणायला सुरुवात झाली ती चेष्टेतून. मार खाता खाताच याला विकेट मिळते, नशीबवान गडी, असा मीमवाल्यांचा सूर. पण त्याची कारकीर्द क्रमाने पाहिली तर नशिबापेक्षा वाट पाहणंच जास्त दिसतं.

शार्दुलचा जन्म 16 ऑक्टोबर 1991चा, पालघरचा. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. तोवर पालघर हा शहापूर-मुरबाडसारखाच ठाणे जिल्ह्यातला एक तालुका. जिल्हा एक, पण क्रिकेट मुंबईच्या मैदानांवर. किन्हवलीच्या पोराला आधी आसनगाव स्टेशन गाठावं लागतं, मग पुढची लोकल. पालघरला स्टेशन होतं, पण विरारपलीकडे लोकल नव्हती. ती डहाणूपर्यंत गेली 2013 साली. त्याआधी शटल किंवा लांब पल्ल्याची गाडी पकडायची आणि किटबॅग घेऊन गर्दीत उभं राहायचं. चर्चगेट जवळपास 90 किलोमीटर. दिवसाचे तास प्रवासातच जाणार असतील, तर सराव कधी आणि झोप कधी?

बोईसरच्या शाळेकडून खेळणाऱ्या या मुलाला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी हेरलं आणि बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत आणलं. रोहित शर्माही याच शाळेचा, लाडांचाच विद्यार्थी. रोजचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून लाडांनी शार्दुलला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पुढे हॅरिस शील्डमध्ये त्याने एका षटकात सहा षटकार मारले. गोलंदाज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोराच्या हातात बॅटही होती, हे तेव्हाच कळलं.

2012 साली रणजी पदार्पण झालं. पहिल्या चार सामन्यांत फक्त 4 बळी. मुंबईच्या संघात एवढ्यावर माणूस विस्मरणात जातो. पण 2014-15च्या हंगामात त्याने 48 बळी घेतले.

ऑक्टोबर 2018मध्ये हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीची टोपी मिळाली. दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावला. सामना संपला. पुढची कसोटी थेट 27 महिन्यांनी, जानेवारी 2021मध्ये ब्रिस्बेनला. तीही बुमराह, अश्विन, जडेजा जायबंदी झाले म्हणून.

ऑस्ट्रेलियाच्या 369 धावांपुढे भारत 6 बाद 186. शार्दुलने खातं उघडलं ते कमिन्सला षटकार मारून. वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123 धावांची भागी झाली, त्यात शार्दुलच्या 67. सामन्यात 7 बळी. भारताने गाबा जिंकलं. त्याच वर्षी ओव्हलला 57 आणि 60, शिवाय शेवटच्या दिवशी जो रूटचा त्रिफळा. जानेवारी 2022मध्ये जोहान्सबर्गला एका डावात 61 धावांत 7 बळी.

तरीही 2025च्या मँचेस्टर कसोटीपर्यंतच्या त्याच्या 13 कसोटींपैकी मायदेशातली फक्त एक, तीच दहा चेंडूंची हैदराबादची. यात कुणाचा आकस शोधायची गरज नाही. आपल्याकडे खेळपट्टी फिरकीला साथ देते, त्यामुळे अष्टपैलूची जागा जडेजा, अश्विन, अक्षर घेत आले. परदेशात चौथा वेगवान गोलंदाज लागतो, आणि त्याला बॅटही धरता आली तर शेपूट लांबत नाही. म्हणजे वेगवान अष्टपैलू आपल्याला परदेश दौऱ्यापुरता आठवतो.

हे काम मराठी मुलखाला नवं नाही. कोल्हापूरच्या दत्तू फडकरने डिसेंबर 1947मध्ये सिडनीला पहिल्याच कसोटीत 51 धावा केल्या आणि 14 धावांत 3 बळी घेतले. त्याच दौऱ्यात ॲडलेडला शतक ठोकलं. 31 कसोटींत 1229 धावा आणि 62 बळी. पण जुन्या काळच्या गप्पांत मर्चंट, हजारे, मांकड येतात. फडकरचं नाव सांगावं लागतं. दोन्ही कामं करणाऱ्याची गंमत ही, की त्याला ना फलंदाजांच्या यादीत वरचं स्थान मिळतं, ना गोलंदाजांच्या.

मार्च 2024. रणजी उपांत्य सामना, वांद्रे-कुर्ला संकुलाचं मैदान. तमिळनाडूविरुद्ध मुंबई 7 बाद 106. भारतीय संघाबाहेर असलेल्या शार्दुलने 109 धावा केल्या. प्रथम श्रेणीतलं त्याचं पहिलं शतक. मुंबईने पुढे 42वा रणजी करंडक जिंकला. या खेळीनंतर त्याने स्वतःच्या शतकापेक्षा वेगळंच बोलून दाखवलं: सामन्यांमध्ये तीनच दिवसांची विश्रांती मिळाली तर वेगवान गोलंदाज मोडतील.

ते त्याला नीट ठाऊक होतं. दहा चेंडूंत शरीराने दगा दिला तर पुढच्या चेंडूसाठी किती थांबावं लागतं, हे त्याने मोजलेलं आहे. मीममधल्या 'लॉर्ड'ला हे मोजावं लागत नाही. शटलमधून किटबॅग वाहणाऱ्या पोराला लागतं.