ब्लूमबर्ग सेंटर, कॉर्नेल टेक

न्यूयॉर्क शहरातील रूझवेल्ट बेटावर कॉर्नेल विद्यापीठाचे ‘कॉर्नेल टेक’ हे संकुल आहे. ब्लूमबर्ग सेंटर ही त्याची मुख्य शैक्षणिक इमारत. टॉम मेन यांच्या ‘मॉर्फोसिस’ या संस्थेने तिची रचना केली. चार मजली, सुमारे १,६०,००० चौ. फूट क्षेत्रफळाची ही इमारत सप्टेंबर २०१७ मध्ये खुली झाली. वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरायची तेवढी संकुलातच निर्माण करायची, हे तिच्या रचनेमागचे उद्दिष्ट होते. पर्यावरणपूरक बांधकामासाठी तिला ‘लीड’ पद्धतीतील प्लॅटिनम हा सर्वोच्च दर्जा मिळाला.

रूझवेल्ट बेट ही मॅनहॅटन आणि क्वीन्स यांच्यामध्ये ईस्ट नदीत असलेली, सुमारे ३ किमी लांबीची चिंचोळी पट्टी. एकोणिसाव्या शतकात शहराने आपले तुरुंग, मनोरुग्णालय आणि देवीच्या रोग्यांचे इस्पितळ इथे आणून ठेवले. १९६९ मध्ये वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी यांनी निवासी वसाहतीचा आराखडा केला आणि बेटाचे रूप पालटू लागले. १९७६ मध्ये हवाई रज्जुमार्ग आला, १९८९ मध्ये भुयारी रेल्वे. पुढे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात शहराने नव्या तंत्रशिक्षण संकुलासाठी स्पर्धा जाहीर केली. डिसेंबर २०११ मध्ये कॉर्नेल आणि इस्राएलची टेक्निऑन संस्था यांच्या संयुक्त प्रस्तावाची निवड झाली. शहराने जमीन आणि दहा कोटी डॉलर दिले.

या इमारतीचा तांत्रिक गाभा जमिनीखाली आहे. सुमारे ४०० फूट खोलीच्या ८० बंदिस्त कूपनलिकांमधून द्रव फिरवला जातो. तेवढ्या खोलीवर तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते. त्यामुळे हिवाळ्यात तिथून उष्णता वर घेता येते आणि उन्हाळ्यात इमारतीतली उष्णता खाली सोडता येते. इमारतीत इंधन जाळले जात नाही, सगळी यंत्रणा विजेवर चालते. छतावर सौरपॅनेलांचा विस्तीर्ण मांडव आहे. वीज तयार करता करता तो छतावर सावलीही धरतो. पावसाचे पाणी हिरवळीखालच्या टाकीत साठवून पिण्याखेरीज इतर कामांना वापरले जाते.

बाहेरच्या भिंतींचा विचार विशेष बारकाईने झाला आहे. पूर्ण काचेची इमारत दिसायला झगमगीत असली तरी उन्हाळ्यात तापते आणि हिवाळ्यात गारठते. म्हणून इथे काच मर्यादित ठेवली आणि बाकी भागात उष्णतारोधक थर देऊन त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले. या पत्र्यांवर दोन इंच व्यासाच्या असंख्य गोल चकत्या कापून प्रत्येक चकती वेगळ्या कोनात वळवली आहे. कमीजास्त परावर्तित होणाऱ्या उजेडातून नदीच्या बाजूला मॅनहॅटनचे दृश्य उमटते आणि संकुलाच्या बाजूला इथाका या कॉर्नेलच्या मूळ गावातील घळींचे.

मात्र ऊर्जेच्या हिशेबाने या वास्तूचे पूर्ण मूल्यमापन होत नाही. ज्या जागी ती उभी आहे तिथे १९३९ पासून गोल्डवॉटर हे दीर्घकालीन आजारांचे सार्वजनिक रुग्णालय होते. प्रत्येक वॉर्डात ऊन-वारा खेळावा म्हणून त्याच्या इमारतींचे पंख तिरपे काढले होते. निसर्गाशी जुळवून बांधण्याची दृष्टी त्या जागेला नवी नव्हती. २०१३ मध्ये रुग्णालय बंद झाले, बऱ्याच रुग्णांना हार्लेममधील नव्या रुग्णालयात हलवले आणि जुन्या इमारती पाडल्या. त्या बांधताना खर्ची पडलेली सामग्री आणि ऊर्जा नव्या इमारतीच्या वार्षिक वीजबिलात कुठेच दिसत नाही. पाडकामाची ही किंमत शाश्वततेच्या हिशेबात धरायलाच हवी. रुग्णालयातली काही भित्तिचित्रे मात्र वाचवली गेली. चित्रकार इल्या बोलोटोव्स्की यांचे एक चित्र दुरुस्त करून ब्लूमबर्ग सेंटरमध्ये बसवले आहे.

शेजाऱ्यांची सोयही काही प्रमाणात पाहिली गेली. बेटावर मोटारींसाठी क्वीन्सकडून येणारा एकच पूल आहे. ट्रकांच्या रांगा रहिवाशांना सोसाव्या लागू नयेत म्हणून बरेचसे साहित्य आणि राडारोडा नदीतून बार्जने नेला-आणला. तळमजल्यावरचे कॅफे सर्वांना खुले आहे.

संकुलात ‘पॅसिव्ह हाउस’ या अत्यल्प ऊर्जावापराच्या मानकानुसार बांधलेला ‘द हाउस’ हा २६ मजली निवासी मनोरा आहे. वाइस/मॅनफ्रेडी या वास्तुरचना संस्थेने रचलेल्या ‘द ब्रिज’ या इमारतीत संशोधक आणि कंपन्या एकत्र काम करतात. मुंबईस्थित टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने कॉर्नेल टेकला पाच कोटी डॉलरचे साहाय्य दिल्यावर या इमारतीचे नाव ‘टाटा इनोव्हेशन सेंटर’ झाले.