वीस वॅटांचा इतिहास

गेल्या श्रावणात आमच्या घरचा अँप्लिफायर मुका झाला आणि वडिलांच्या तबकड्या तशाच पडून राहिल्या. आई काही बोलली नाही. पण संध्याकाळी तिची नजर त्या कोपऱ्याकडे जाई. मास्तरच्या पगारात नवा घ्यावा की जुना, हा प्रश्न मी इतिहासालाच विचारला.

१९४५ साली इंग्लंडात हॅरॉल्ड लीक यांनी 'पॉइंट वन' काढला. त्यातील ध्वनीची विकृती अवघी ०.१ टक्का. १९४७ मध्ये विल्यमसन यांनी आपल्या पंधरा वॅटांच्या अँप्लिफायरची सारी रचना 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापून दिली. हौशी माणसे तो घरी बांधू लागली. १९७८ चा 'नॅड ३०२०' वीसच वॅटांचा, बेताच्या किमतीचा. तरी फार गाजला. दुकानदार शंभर वॅटांची मोहिनी घालू लागला की एवढे आठवावे: वॅट दुप्पट केले, तर आवाज तीनच डेसिबलांनी चढतो.

नव्याला हमी असते, हे खरे. जुन्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काळाने सुकतात, बटण फिरवताना खरखर येते. परंतु कपॅसिटर बदलता येतात, बटण साफ करता येते. म्हणून मी एक जुना, वीस वॅटांचा, तासभर ऐकून घेतला आणि चौथा हिस्सा पैसा दुरुस्तीसाठी राखला.

धनत्रयोदशीला तबकडी फिरली. मी भीतभीत आईकडे पाहिले.

ती म्हणाली, "आवाज कमी कर रे. ते याहून हळूच लावीत."