कर्कश स्वराचा इतिहास : वऱ्हाडातील घरगुती ध्वनिक्षेपक

प्रस्तावना

विदर्भातील ध्वनिमाध्यमांचा इतिहास लिहिताना आकाशवाणी, चित्रपटगृहे आणि ध्वनिमुद्रिका यांचा उल्लेख होतो; परंतु ज्या पेटीतून हा आवाज प्रत्यक्ष घरात पोहोचला, तिचा विचार क्वचितच केला जातो. दत्तापूर-धामणगाव ही 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गावर वाढलेली कापसाची बाजारपेठ. अशा गावांत तयार स्पीकर-पेटी घेणे अनेक दशके थोड्यांनाच परवडणारे होते. सुटा स्पीकर आणून त्याच्यासाठी घरीच पेटी बनविण्याची रीत त्यातून पडली. सर्व स्वर एकाच कागदी शंकूतून काढणाऱ्या या स्पीकरचा आवाज कानाला टोचे. हे टोचणे मुळात दोष नव्हते, ऐकण्याची साधने बदलल्यावर ते दोष ठरले, आणि त्यावरील देशी उपायांकडे केवळ गरिबीची तडजोड म्हणून पाहणे अन्यायाचे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

टोचण्याचे मूळ

चुंबकीय क्षेत्रातील तारेच्या वेटोळ्याने हलणारा कागदी शंकू ही रचना अमेरिकेतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये मांडली. आजचा साधा स्पीकर तत्त्वतः तोच आहे. खालच्या स्वरांना हा शंकू एकसंध हलतो. काही हजार हर्ट्झच्या टप्प्यात मात्र कागद स्वतःच ठिकठिकाणी वाकू लागतो आणि काही स्वर इतरांपेक्षा उसळून येतात. दुर्दैवाने मानवी कानही याच पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो. कर्णनलिकेची लांबी सुमारे 2.5 सेंटिमीटर, तिच्यातील हवा सुमारे 3400 हर्ट्झला निनादते. फ्लेचर व मन्सन यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांत कानाची ही तीक्ष्णता स्पष्ट दिसते. कागदाचा आणि कानाचा उंचवटा असा एकाच जागी येतो.

गुणाचा दोष कसा झाला

मराठीतील 'त', 'क', 'च' यांसारखी व्यंजने ओळखू येण्यासाठी 2 ते 4 हजार हर्ट्झचा पट्टा अत्यंत महत्त्वाचा आहे. मैदानावरील सभेत किंवा भजनात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचावयाचा, तर तेथे हा उंचवटा उपकारकच असे. शेजारच्या तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी येथून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909-1968) जी सामूहिक प्रार्थनेची चळवळ चालविली, तशा मोठ्या मेळाव्यांत मृदू आवाजापेक्षा स्पष्ट आवाजाचे मोल अधिक होते.

रेडिओचेही तसेच. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 मध्ये सुरू झाले. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणातून घरगुती संचात 4 ते 5 हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही येत नसे, आणि त्याच्या अलीकडचे स्वरही क्षीण होऊन येत. शंकूचा उंचवटा ही उणीव भरून काढी. 1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि हा समतोल बिघडला. कॅसेटमधून वरचे स्वर पूर्ण बळाने येऊ लागले; खंजिरीच्या झांजा आणि पेटीचा स्वर त्याच स्पीकरवर बोचू लागले. स्पीकर तोच होता!

माठ

या काळात पानटपरी, शिंप्याचे दुकान, चहाची गाडी येथे सर्रास दिसणारा उपाय म्हणजे माठाच्या तोंडावर बसविलेला स्पीकर. 'घुमण्यासाठी' असे त्याचे कारण सांगितले जाई. ते खरे आहे, पण अपुरे आहे. उघड्या स्पीकरच्या मागून निघणारा ध्वनी पुढच्या ध्वनीला खालच्या स्वरांत मारून टाकतो. माठ त्याला कोंडतो. खालचे स्वर परत आले की वरच्यांचे वर्चस्व आपोआप कमी भासते. कर्कशपणा पुष्कळदा वरच्या स्वरांच्या आधिक्याइतकाच खालच्यांच्या अभावातून जन्मतो, ही गोष्ट अनेक शिकलेल्या हौशी मंडळींच्याही ध्यानात येत नाही. शिवाय माठाला समोरासमोर सपाट भिंती नसतात, म्हणून चौकोनी खोक्यातील ठरावीक स्वरांचे उसळणे त्यात कमी.

माझ्या मते अधिक महत्त्वाची बाब वेगळीच आहे. माठावरील स्पीकरचे तोंड बहुधा आढ्याकडे असे. शंकूचा व्यास 16 सेंटिमीटर धरल्यास सुमारे 2150 हर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी त्या व्यासाएवढी होते. त्यापुढचा आवाज झोतासारखा सरळ निघतो. हा झोत छताला लागे आणि बाजूला बसलेल्या गिऱ्हाइकापर्यंत तो सौम्य होऊनच पोहोचे. आज हौशी कारागीर स्पीकर श्रोत्याच्या रोखापासून थोडा वळवून ठेवतात, तो याच युक्तीचा सौम्य प्रकार होय.

लाकूड, कापूस आणि शाई

लाकडी खोक्यात हा लाभ मिळत नाही. 30 सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर बसविलेला स्पीकर सुमारे 380 हर्ट्झच्या आसपासपासून खाली हळूहळू 6 डेसिबलपर्यंत क्षीण होतो. म्हणून फळी रुंद करावी अथवा पेटी भिंतीला लागून ठेवावी. आत कापूस भरल्यास शंकूच्या मागचा मध्य-उच्च ध्वनी खोक्यातून परतून पातळ कागदातून पुन्हा बाहेर येत नाही. रुई-सरकीच्या या प्रदेशात तरी त्यासाठी परदेशी लोकर शोधावी लागू नये.

कागदावर पातळ लेप देणे हा तिसरा मार्ग. त्याची जुनी उपमा तबल्यात आहे. तबल्याच्या पुडीवरील शाई बेसूर उपस्वरांना सुरेल क्रमात आणते, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखविले. शंकूवरील लेपाचे कार्य अगदी तेच नाही. तो कंप शोषतो. पण पडद्याच्या वजनात व कडकपणात केलेल्या लहानशा फेरफाराने स्वराचा स्वभाव पालटतो, हे दोन्हींना समान आहे. लेप जाड झाला तर मात्र वरचे स्वरच मरतात, आणि तो परत काढता येत नाही.

विद्युतमंडलाचा उपाय सर्वांत शेवटी आला. 0.5 मिलिहेन्रीचे वेटोळे, 5.6 मायक्रोफॅरडचा धारित्र व 8 ओहमचा रोध हे तिन्ही परस्परांना समांतर जोडून तो संच 8 ओहमच्या स्पीकरच्या एका तारेत घातला, तर 3000 हर्ट्झच्या सभोवती सुमारे 6 डेसिबलची घट मिळते. रोधाची किंमत कमी केल्यास घट कमी होते. तिन्ही भाग रेडिओ दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात मिळत. उंचवटा नेमका कोठे आहे हे मोजण्याचे साधन मात्र तेथे नसे, आणि कान हाच त्या कामी मापक होता.