खुनी कोण, हे सांगणार की नाही?



सुरुवातीलाच इशारा देतो. आजच्या भागात 'द फ्युजिटिव्ह', 'द प्रिझनर', 'डॅलस', 'ट्विन पीक्स', 'लॉस्ट', 'द किलिंग' आणि '१८९९' या मालिकांचे शेवट फुटणार आहेत. यातलं काही बघायचं राहिलं असेल आणि मजा घालवायची नसेल, तर इथेच थांबा, बघून या. आम्ही कुठे पळून जात नाही.

अजून आहात? चला तर मग.

हा अनुभव तुम्हालाही आला असेलच. रहस्यमालिका सुरू केली. पहिल्याच भागात एक प्रेत, नाहीतर एक बंद दरवाजा, नाहीतर गायब झालेलं विमान. मग तुम्ही झोप सोडली, मित्रांशी तासन् तास वाद घातले, स्वतःच्या थिअऱ्या मांडल्या. शेवटी रात्री दोन वाजता शेवटचा भाग संपतो, पाटी येते, आणि तोंडातून फक्त एक शब्द निघतो: "एवढंच?"

या "एवढंच?"लाही इतिहास आहे, जवळजवळ साठ वर्षांचा. तो नीट पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. लोक फक्त उत्तर मिळालं नाही म्हणून चिडत नाहीत. चिडण्याचं कारण थोडं वेगळं असतं. ते काय, तेच आज शोधूया.

१९६७: एका महिन्यात दोन टोकं

साठच्या दशकात अमेरिकन टीव्हीवर मालिकेला 'शेवट' असण्याची फारशी पद्धत नव्हती. मालिका चालायची, प्रेक्षक घटले की बंद व्हायची. शेवटचा भाग बहुतेक वेळा इतर भागांसारखाच असायचा.

'द फ्युजिटिव्ह'नं हे चित्र बदललं. डॉक्टर रिचर्ड किंबल याच्यावर बायकोच्या खुनाचा खोटा आरोप आहे, त्याला फाशीची शिक्षा झालीय. तो निसटतो आणि चार वर्षं, १२० भाग, एकाच माणसाला शोधत फिरतो. खुनाच्या रात्री घरातून पळताना दिसलेल्या एका हात नसलेल्या माणसाला. २९ ऑगस्ट १९६७ रोजी एबीसी वाहिनीवर शेवटचा भाग लागला. खुनी तोच निघाला, साक्षीदार पुढे आला, किंबल निर्दोष सुटला. तो भाग सुमारे ७ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला. अमेरिकेची तेव्हाची लोकसंख्या साधारण २० कोटी होती, म्हणजे किती मोठा आकडा आहे बघा. प्रश्न विचारला होता, उत्तर दिलं, हिशोब चुकता झाला.

आता गंमत ऐका. बरोबर एक महिन्यानं, २९ सप्टेंबर १९६७ ला, ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर 'द प्रिझनर' सुरू झाली. एक गुप्तहेर राजीनामा देतो, त्याला बेशुद्ध करून एका सुंदर गावात नेऊन ठेवतात. तिथे कुणालाच नाव नाही, फक्त नंबर. हा नंबर सहा. हे सगळं चालवणारा नंबर एक कोण? गाव कुणाचं? यानं राजीनामा का दिला? वेल्समधल्या पोर्टमेरियन या खऱ्याखुऱ्या गावात त्याचं चित्रण झालं होतं.

१७ भाग झाले. शेवटचा भाग मुख्य नट पॅट्रिक मॅकगूहन यानं स्वतःच लिहिला आणि दिग्दर्शितही केला. फेब्रुवारी १९६८ च्या सुरुवातीला तो प्रक्षेपित झाला. नंबर एकच्या चेहऱ्यावरचा मुखवटा ओढला तर खाली माकडाचा मुखवटा. तो ओढला तर खाली नायकाचाच चेहरा, खदाखदा हसणारा. गाव कुणाचं होतं? राजीनामा का दिला? उत्तर नाही.

लोक भडकले. वाहिनीकडे संतप्त फोनांचा पाऊस पडला. मॅकगूहननं पुढे मुलाखतीत सांगितलं की काही काळ त्याला लोकांच्या नजरेआड राहावं लागलं. पण लोकांनी भांडावं, वाद घालावा, हेच त्याला हवं होतं, हेही त्यानं सांगितलं.

म्हणजे एकाच वर्षात टीव्हीनं दोन्ही रस्ते दाखवून दिले. एकानं दार नीट लावून घेतलं, दुसऱ्यानं दारच काढून नेलं.

लटकवून ठेवण्याचा धंदा

पुढचा धडा १९८० चा. 'डॅलस' ही सीबीएसवरची तेलसम्राटांच्या घराण्याची मालिका. २१ मार्च १९८० च्या भागात जे. आर. युइंग या खलनायकाला कुणीतरी गोळ्या घातल्या आणि हंगाम संपला. उन्हाळ्यात हॉलिवूडच्या कलाकारांचा संप झाला, चित्रण लांबलं. मग काय, अख्ख्या अमेरिकेत एकच प्रश्न. टी-शर्ट निघाले, ब्रिटनमध्ये सट्टा लागला. उत्तर आलं २१ नोव्हेंबरला: गोळी घालणारी जे. आर.ची मेहुणी क्रिस्टिन. तो भाग सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला.

यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की लोकांना आठ महिने लटकवलं, तरी ते चिडले नाहीत. उलट मजा घेतली. कारण उत्तर येणार याची खात्री होती. पण वाहिन्यांनी यातून वेगळाच धडा घेतला: उत्तरापेक्षा प्रश्नावर जास्त पैसे मिळतात.

लॉरा पामरला कुणी मारलं?

आता येतो आजच्या गोष्टीचा गाभा. ८ एप्रिल १९९०. एबीसीवर 'ट्विन पीक्स'चा पहिला भाग. लाकूडतोडीवर जगणारं छोटं गाव, नदीकाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एका शाळकरी मुलीचं प्रेत. लॉरा पामर. तपासाला येतो एफबीआयचा एजंट कूपर, कॉफी आणि पायवर प्रेम करणारा, स्वप्नांतून धागेदोरे शोधणारा. पहिल्या भागाला साडेतीन कोटींच्या आसपास प्रेक्षक मिळाले.

मालिका डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची. लिंचच्या मनात खुनी कोण हे सांगायचंच नव्हतं, निदान लवकर तरी नाही. त्याच्या मते हे रहस्य म्हणजे सोन्याची अंडी देणारी कोंबडी होती, आणि उत्तर देणं म्हणजे ती कापणं. पण पहिला हंगाम संपला तरी उत्तर नाही, म्हटल्यावर लोकांचा संयम सुटायला लागला. वाहिनीनं दबाव आणला. १० नोव्हेंबर १९९० च्या भागात उत्तर दिलं गेलं.

खुनी होता लॉराचा स्वतःचा बाप.

इथे जरा थांबूया. टी-शर्टवर छापायचं हे उत्तर नव्हतं. 'बॉब' नावाची दुष्ट शक्ती त्या बापाच्या अंगात शिरली होती, असं मालिका म्हणते. पण त्यामागचं सत्य सरळ आहे: मुलीवर तिच्याच घरात वर्षानुवर्षं अत्याचार होत होता आणि गावाला ते दिसलं नाही. सात महिने लोक 'कोण? कोण?' म्हणून कोडं खेळत होते. कोड्याच्या आत एक खरी मुलगी होती, हे उत्तर आल्यावर कळलं.

त्यानंतर गाडी रुळावरून घसरली. प्रेक्षक तर आधीपासूनच घटत होते, मालिका शनिवारी रात्री ढकलली होती. आता तर ओढून नेणारा प्रश्नही उरला नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये मालिका थांबवली, चाहत्यांनी पत्रांची मोहीम काढली, उरलेले भाग दाखवले गेले. १० जून १९९१ चा शेवट काय? कूपर आरशात डोकं आपटतो, आरशात बॉबचा चेहरा, आणि कूपर हसतो. संपलं. खरा कूपर कुठे आहे? उत्तर नाही. २०१७ मध्ये लिंच १८ नवीन भाग घेऊन परतला, आणि तेही एका प्रश्नावर आणि एका किंकाळीवर संपवले.

मग लिंच बरोबर की वाहिनी? मला वाटतं, दोघांचंही थोडं खरं होतं. उत्तर दिल्यावर मालिका कोसळली, हे लिंचचं खरं ठरलं. पण वाहिनीनं आणि मालिकेनं मिळून लोकांना 'कोण' हाच प्रश्न विकला होता. विकलेला माल द्यायला नको का?

बेट, अस्वल आणि सहा आकडे

२२ सप्टेंबर २००४. पुन्हा एबीसी. विमान कोसळतं, माणसं बेटावर अडकतात, आणि उष्ण प्रदेशातल्या त्या जंगलात चक्क ध्रुवीय अस्वल! धुराचा राक्षस, जमिनीत पुरलेलं झाकण, ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे. 'लॉस्ट'. या वेळी इंटरनेट होतं. लोक एकेक चौकट थांबवून बघत होते, फोरमवर पानंच्या पानं लिहीत होते.

अडचण जुनीच होती. मालिका लोकप्रिय असेपर्यंत वाहिनी ती थांबवू देत नाही. शेवट कधी हेच ठाऊक नसेल, तर लेखक उत्तरं कुठे ठेवणार? तिसऱ्या हंगामात एक भाग नायकाच्या अंगावरच्या टॅटूंची गोष्ट सांगण्यात गेला. लेखक डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज यांनी पुढे अनेकदा त्या भागाचं उदाहरण दिलं: बघा, ताणलं की असं होतं. मे २००७ मध्ये वाहिनीनं जाहीर केलं की अजून ४८ भाग आणि २०१० मध्ये शेवट. चालत्या मालिकेची अखेर तीन वर्षं आधी ठरवणं ही तेव्हा मोठीच गोष्ट होती.

तरी २३ मे २०१० च्या शेवटानं कित्येकांना समाधान मिळालं नाही. शेवटचा भाग पात्रांच्या एकमेकांवरच्या प्रेमाबद्दल होता, कोड्यांबद्दल नाही. त्यात वाहिनीनं शेवटच्या पाट्यांवर रिकाम्या किनाऱ्यावरच्या विमानाच्या अवशेषांची दृश्यं दाखवली, आणि 'म्हणजे सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते' असा गैरसमज पसरला. तो आजही भेटतो. मालिकेनं तसं कधीच म्हटलं नव्हतं.

पुढे डीव्हीडीवर बारा मिनिटांचा एक तुकडा आला. त्यात अस्वलाचं उत्तर होतं: प्रयोगासाठी आणली होती. मिळालं उत्तर! कुणाचा राग शांत झाला? फारसा कुणाचा नाही. लिंडेलॉफला लोक ट्विटरवर बोलतच राहिले. सप्टेंबर २०१३ मध्ये 'ब्रेकिंग बॅड' व्यवस्थित संपली, तेव्हा त्या मालिकेची स्तुती करतानाही लोक यालाच टोमणे मारत होते. पुढच्याच महिन्यात त्यानं ट्विटर सोडलं, अर्धवट वाक्य लिहून. शेवटचं वाक्यही अपुरं!

पोस्टरवरचं वचन

२०११ मध्ये एएमसी वाहिनीवर 'द किलिंग' आली. डॅनिश मालिकेची अमेरिकन आवृत्ती. जाहिरातींत ठळक प्रश्न: रोझी लार्सनला कुणी मारलं? मूळ डॅनिश मालिकेनं २० भागांत उत्तर दिलं होतं. अमेरिकन मालिकेनं १३ भागांचा हंगाम १९ जूनला संपवला, उत्तर न देता. उलट शेवटच्या मिनिटांत तपास पुन्हा उलटा फिरवला. समीक्षक, प्रेक्षक सगळे तुटून पडले. लोकांच्या अपेक्षा नीट हाताळायला हव्या होत्या, हे वाहिनीनंही नंतर मान्य केलं. खुनी पुढच्या वर्षी कळला, पण तोवर बरेच जण निघून गेले होते.

'डॅलस'शी तुलना करा. तिथे आठ महिने थांबले तरी मजा, इथे एक वर्ष थांबायचं तर संताप. कारण 'डॅलस'नं 'या हंगामात सांगतो' असं भासवलंच नव्हतं. इथे लोकांनी १३ भाग त्या एका वचनावर काढले होते.

आणि आजचा प्रकार तर तुमच्या फोनमध्येच आहे. 'डार्क'च्या निर्मात्यांनी तीन हंगामांत आपला गुंता सोडवून दाखवला होता. त्यांचीच '१८९९' नेटफ्लिक्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. आठव्या भागाच्या शेवटी जहाजाची नायिका अवकाशयानात जागी होते, आणि जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला बातमी: मालिका रद्द. इथे लेखकांनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात तीन हंगाम होते. पुस्तकाची उरलेली पानंच कुणी छापली नाहीत.

मग राग कशाचा?

आता सगळं एकत्र ठेवून बघा. 'प्रिझनर'मध्ये उत्तर मुद्दाम दिलं नाही. 'लॉस्ट'मध्ये शेवट कधी हेच बरीच वर्षं ठरलं नव्हतं. '१८९९'मध्ये धंद्यानं मध्येच कात्री लावली. आपल्याला बाहेरून हे तिन्ही सारखेच दिसतात, आणि आपण तिन्ही वेळा लेखकालाच शिव्या घालतो. हे काही बरोबर नाही.

राग असतो तो फसवलं गेल्याचा. आपण वेळ दिला, तो परत मिळत नाही. म्हणून पुढच्या वेळी नवी रहस्यमालिका सुरू करताना दोन गोष्टी विचारून बघा. एक, हिला शेवट ठरलेला आहे का? दोन, ती मला नेमकं काय देऊ करतेय, खुन्याचं नाव की त्या गावाची, त्या माणसांची ओळख? पोस्टरवर 'कुणी मारलं?' लिहिलं असेल, तर नाव मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. नसेल, तर कदाचित आपणच चुकीच्या खिडकीवर रांग लावली.

आणि 'ट्विन पीक्स' कधी बघितलीत, तर एक करा. खुनी कोण हे आता तुम्हाला माहीत आहे, माझ्याचमुळे. तर कोडं सोडवायचं ओझं नसताना लॉराकडे बघा. ती काय सांगू पाहत होती आणि कुणी ऐकलं नाही, ते दिसेल.

तुमची सर्वांत जास्त चिडचिड कोणत्या मालिकेनं केली, ते नक्की कळवा. निवडक उत्तरं पुढच्या भागात वाचू. हे वचन आहे, आणि ते पाळलं नाही तर काय होतं, ते आत्ताच ऐकलंय आपण!

भेटूया. काळजी घ्या.