सॉफ्टवेअर अभियांत्रिकी परिचय (नांदेड-लातूर)

सॉफ्टवेअर आखून, बांधून, तपासून पुढे सांभाळायचे कसे, हे शिकवणारा पदवीचा प्राथमिक विषय. जर्मनीतील गार्मिश येथे १९६८ मध्ये भरलेल्या नाटो-पुरस्कृत परिषदेने ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा रूढ केली. मोठ्या प्रणालींचा खर्च आणि मुदत हाताबाहेर जात होती, ही त्या परिषदेची पार्श्वभूमी. नांदेडची श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९८१), लातूरमधील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे (स्थापना १७ सप्टेंबर १९९४) संगणक अभ्यासक्रम यांतून हा विषय शिकवला जातो.

धबधबा, सर्पिल व अजाइल ही सॉफ्टवेअर-विकासाची प्रतिमाने, आराखडा, चाचणी आणि देखभाल हा नेहमीचा गाभा. कस लागतो तो गरजांच्या दस्तऐवजात. लातूर बाजार समितीतील सोयाबीनचे सौदे नोंदवणाऱ्या प्रणालीचेच उदाहरण घेता येते. आवक, लिलाव, वजन, हिशेबपट्टी असा क्रम कागदावर सोपा दिसतो. मग प्रश्न निघतात. बारदानाचे वजन केव्हा वजा करायचे? हमाली-तोलाई कोणाच्या नावे? लिलावानंतर माल ओला निघाला, तर भाव बदलता येतो का? उत्तरे आडते, मापाडी, शेतकरी यांच्याकडेच असतात, आणि ती मराठीतच मिळतात. विद्यार्थी दस्तऐवज मात्र इंग्रजीत लिहितो. बाजाराच्या बोलीत वाढलेल्या विद्यार्थ्याला ती उत्तरे नेमकी कळतात, ही त्याची जमेची बाजू आहे. तयार प्रकल्प विकत घेऊन सादर केल्यास गरजा समजून घेण्याचा नेमका हाच भाग हुकतो. आज्ञावली लिहिणे त्यानंतरचे काम.